स्वागताध्यक्षीय भाषण: घराघरांत लपलेला अपस्मार



मेंदूविकारतज्ज्ञ मित्रहो, आज पहिले स्मरण डॉ. एडी भरूचा यांचे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात मेंदूविकार विभाग त्यांनी घडवला. भारतीय अपस्मार संघटनेच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. मला मात्र त्यांचे रुग्णालयाबाहेरचे एक काम अधिक मोलाचे वाटते. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन सुमारे १४ हजार माणसांची पाहणी त्यांनी, डॉ. नादिर भरूचा यांनी आणि सहकाऱ्यांनी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. दर हजारी जवळपास पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी अपस्मार झालेला आढळला. ओपीडीत बसून हे कळले नसते. तिथे येतो तो आजार कबूल केलेला माणूस; बाकीचे घरातच राहतात.

ते का राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. सासरी कळू नये म्हणून नवी सून गोळ्या बंद करते, गॅसपाशी उभी असताना फिट येते आणि भाजलेला हात घेऊन ती आपल्याकडे येते. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ सालीच निघाला. लग्न जुळवणाऱ्यांच्या मनातून तो अजून निघालेला नाही. नियमित औषधाने दहांतल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, आणि तरीही हे चालू आहे, याचा मला राग येतो.

इथून जवळच, नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या बाजारात, एखादा हमाल फिट येऊन पडला की कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल, कुणी दातांत चमचा घालतो. यातले काहीच करायचे नसते. आजूबाजूच्या वस्तू दूर सारून डोक्याखाली मऊ काही द्यावे, त्याला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालय गाठावे. एवढेच.

शस्त्रक्रिया, नवी औषधे यांवर इथे उत्तम चर्चा होईलच. माझी विनंती वेगळी आहे. परतल्यावर आपल्या गावातली एक शाळा, एक कारखाना किंवा एक बाजार निवडा आणि फिट आल्यावर काय करायचे, एवढे तिथल्या माणसांना शिकवून या.