घराची राखण आणि बंदूक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वावर येथील एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



दिवाळी उरकली, भात-नागली घरात आली, की आमच्या वावरच्या पाड्यांवरील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघून जातात. घरांना कुलपे, नाहीतर नुसत्या कड्या. मागे राहतात ती म्हातारी माणसे व शाळेत जाणारी मुले. अशाच दिवसांत आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्यास नुकतीच नोकरी लागली आहे, घरात दुचाकी आली आहे, बायकोच्या अंगावर चार दागिने आले आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, घरच्या राखणीला कोणती बंदूक घ्यावी?" त्या प्रश्नास आम्ही जे उत्तर दिले, तेच आज आपणांपुढे थोडे विस्ताराने मांडीत आहो.

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. परक्या सरकारने 1878 साली शस्त्रांचा कायदा करून सामान्य हिंदी माणसास परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याची बंदी केली आणि गोऱ्यांना मात्र मोकळीक ठेवली, याचा रोष आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ वर्षे मनात धरला होता. स्वतंत्र भारताचा कायदा 1959 चा. तो 1962 पासून अमलात आला. संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. अर्थात शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखली आहे. अर्जदाराचे वय 21 पूर्ण हवे. आपला पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाल्यापासून अर्ज ठाण्यास न जाता पालघरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस चौकशी करतात. 2016 च्या नियमांनी हत्यार हाताळण्याचे शिक्षण व ते सुरक्षित ठेवण्याची सोय यांवर भर दिला आहे. नकार मिळाल्यास विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

आता हत्यारांकडे वळू. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू, चिंधी व छर्रे गजाने ठासावे लागतात. एक बार उडाला की दुसरा भरीपर्यंत रानडुक्कर निम्मे शेत ओलांडून जाते, मग चोराची गोष्ट ती काय? पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर नागरिकास मिळते ते बहुधा .32 बोअरचे. ते लहान असल्याने हाताळण्यास सोपे असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः आखूड नळीने नेम साधणे सर्वांत कठीण, आणि सरावाची सोय आपल्या भागात कोठे आहे? छर्ऱ्याच्या कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून काही तरुण ती आणतात. तिने दरोडेखोर थांबत नाही, उलट चिडतो. राहता राहिली 12 बोअरची काडतुसी बंदूक. एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता त्यांतील एक जिच्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते! (वर्गात हे सांगितले की मुले हमखास गोंधळत.) जाणकार माणूस घराच्या राखणीस हीच निवडील. परंतु तिचे छर्रे खोलीभर पसरतात, नेम धरावा लागत नाही, हा भ्रम आहे. आठ-दहा हातांवर ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेत जातात.

आणि ते पुढे कोठे जातात, हाच आमच्या दृष्टीने मुख्य प्रश्न आहे. बंदुकीची चर्चा करणारे शहरवासी विटांच्या भिंती गृहीत धरतात. आपल्यातील कित्येकांची घरे आजही कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली आहेत. त्या कुडापलीकडे आपलीच आई निजलेली असते, गोठ्यात बैल असतो, शेजारी भावाचे घर असते. कूड वारा अडवतो, गोळी अडवीत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या बाबांकडे पिकाच्या राखणीची ठासणीची बंदूक होती, परवाना त्यांच्या नावाचा. 1986 च्या पौषातील रात्र. बाबा अंथरुणास खिळलेले. मध्यरात्रीच्या सुमारास कुडाबाहेर कोणी चाचपडत असल्याचा आवाज आला. कडी हलली. आम्ही दोनदा "कोण?" म्हणून विचारले. उत्तर नाही. आठवड्यापूर्वीच शेजारच्या पाड्यावर भांडी चोरीस गेली होती. आम्ही बंदूक उचलली. तिला हात लावण्याचा आम्हांस अधिकार नाही हे सुचलेदेखील नाही. दार ढकलले गेले, काळी आकृती उंबऱ्यात आली आणि आम्ही चाप ओढला. टोपी फुटली, पण दारू पेटली नाही. बार पावसाळ्यापासून भरून ठेवलेला होता, तो सर्दावला होता. आकृती तेथेच खाली बसली. तो आमचा धाकटा चुलतभाऊ होता. भट्टीवर तापाने फणफणला म्हणून एकटाच चालत परत आला होता, आणि त्याच्याने बोलवत नव्हते.

आमचा कुत्रा अंगणातच होता. तो भुंकला नव्हता. त्याने घरचा माणूस ओळखला होता, आणि गावास शिकवणाऱ्या गुरुजींस ते कळले नाही.

तो भाऊ आज साठीच्या घरात आहे. सणास आमच्याकडे जेवावयास येतो. त्या रात्रीचा उल्लेख त्याने आजवर एकदाही केलेला नाही. आम्हीही आज प्रथमच करीत आहो.

कोणी म्हणेल, चोरच असता तर? स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. जुन्या दंडसंहितेतील ती कलमे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 या क्रमांकांनी आली आहेत. रात्रीचे घरफोडे किंवा दरोडेखोर यांच्याविरुद्ध हा हक्क प्राण घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क नाही. पळत्या चोराच्या पाठीत बार घालणारा स्वतःच आरोपी होतो. आणि आकृती चोराची आहे हे ठरवावयाचे कोणी? 16 एप्रिल 2020 च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवेने बिथरलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांस ठार केले. तेथे काठ्या आणि दगड होते.

वावरचे नाव 1992-93 साली देशभर गेले ते कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे. ज्यांनी त्या वेळी आमची घरे रिकामी केली ते कुलूप फोडून आलेले नव्हते. हे सांगण्याचे कारण इतकेच, की बंदुकीस लागणारा पैसा प्रथम कोणत्या धोक्यावर खर्चावा याचाही हिशेब घरोघर व्हावा.

त्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, की तू सहा महिने भट्टीच्या ठेक्यावर हिशेबनीस म्हणून बाहेर असणार. बंदूक बंद घरात राहील आणि चोरास आयतीच मिळेल. दारास आतून आडणा घाल, अंगणात सौर दिवा लाव, दागिने बँकेत ठेव, कुत्रा पाळ. 112 हा क्रमांक म्हातारीस पाठ करून दे. आपल्या पाड्यांवर रेंज मिळेलच असे नाही, म्हणून शिट्टीही दे. शिट्टी वाजली की कोणत्या दोन घरांनी धावावयाचे ते आधीच ठरवून ठेव. इतके करूनही बंदूक हवीच असेल, तर एकनळी बारा बोअर घे. ती रिकामी करून कुलपात ठेव, काडतुसे दुसऱ्या कुलपात. त्याने कुत्रा पाळला आहे, बंदुकीचा विचार अद्याप सोडलेला नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. आपल्यातील काही घरांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची बंदूक पडून असेल. परवानेवाला वारला की ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसास नंतर स्वतःच्या नावे अर्ज करता येतो. विनापरवाना बंदुकीस 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांचा कारावास आहे. बाबा वारल्यावर आम्हीही आठ महिने चालढकल केली होती. शेवटी ती पोत्यात गुंडाळून ठाण्यात नेली, पावती घेतली, आणि परत मागितली नाही. ज्यांच्या माळ्यावर असे काही असेल त्यांनी संकोच करू नये. दर रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो, अर्ज लिहून देऊ. येताना जुना परवाना, मृत्यूचा दाखला व आधारकार्ड आणावे. बंदूक मात्र आणू नये.