पुढची होडी कोणती?



या व्यासपीठावर थोर विद्वान बोलून गेले आहेत. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गोदीच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांच्या वाचनालयात. म्हणून मी विषय सांगितला तेव्हा चालक थोडे घोटाळ्यात पडले. त्यांची अपेक्षा होती की मी बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन. मी म्हणालो, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने समुद्रावर वल्हवायची पुढची होडी कशी निवडावी, यावर बोलतो. पण माझ्या मते हा विषय कामगारचळवळीपासून फारसा लांब नाही. हत्यार माणसाच्या अंगाला बसवायचे की माणसाने हत्यारापायी अंग मोडून घ्यायचे, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

ज्या होडीविषयी मी बोलणार तिला कायाक म्हणतात. ती लांब, अरुंद आणि वरून झाकलेली असते. मधल्या भोकात माणूस पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या एकाच वल्ह्याने आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे पाणी मारतो. गेली काही वर्षे आपल्या कोकणकिनाऱ्यावरही या होड्या दिसू लागल्या आहेत. मी स्वतः चाळिशीच्या आत हा छंद धरला. आज माझे वय छप्पन्न आहे आणि माझ्या जुन्या होडीच्या जागी दुसरी घ्यायची वेळ आली आहे. तेव्हा मी जे बोलतो ते माझ्या गरजेपोटीही बोलतो.

ही होडी मुळात उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची. ग्रीनलंडमध्ये होडीजोगे लाकूड उगवत नाही. समुद्रातून वाहत येणारे ओंडके हाच त्यांचा लाकूडसाठा. त्याचा सांगाडा करायचा, वर सीलच्या कातड्याचे आवरण चढवायचे, आणि ते कातडे शिवायचे काम बायकांचे. पाण्याचा थेंब आत येणार नाही अशी ती शिवण असे. पुरुषाचा जीव त्या टाक्यांवर तरंगत असे, ही गोष्ट आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या होडीचे माप फूटपट्टीने घेत नसत. ज्याची होडी त्याच्या अंगावरून माप घ्यायचे. पसरलेल्या हातांच्या तिप्पट लांबी, कमरेच्या रुंदीत दोन मुठी मिळवून होईल तेवढी रुंदी, आणि एक मूठ व तिच्यावर ताठ उभा धरलेला अंगठा एवढी खोली, असा साधारण ठोकताळा सांगतात. गावोगावी त्यात फरक असे, पण तत्त्व एकच होते. शिंप्याने सदरा बेतावा तशी ती होडी बेतली जाई. बापाची होडी मुलाला बसेलच असे नव्हते.

शिंप्यावरून आठवले. १९०५ साली म्युनिकमधल्या आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या विद्यार्थ्याने घडी करून नेता येईल अशी कायाक बनवली. तिचे हक्क १९०७ साली योहान क्लेपर याने घेतले, आणि हा क्लेपर रोझेनहाइम गावचा शिंपी होता. आगगाडीत सामान म्हणून नेता येणारी होडी त्याने लोकांच्या हाती दिली. अशाच एका घडीच्या होडीतून ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन माणूस १९३२ साली उल्म गावाहून निघाला. मंदीत त्याचा विजेच्या कामाचा धंदा बुडाला होता, आणि वय होते पंचवीस. डॅन्यूब नदी, भूमध्य समुद्र, इराणचे आखात असे करीत तो आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्याने खाली लंकेपर्यंत गेला आणि अखेर १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर युद्ध पेटले होते, म्हणून तिथे त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून अटकेत ठेवले.

आजच्या समुद्री कायाकचा वंश मात्र दुसऱ्या बाजूने येतो. १९५९ साली ग्लासगोचा केन टेलर हा विद्यार्थी ग्रीनलंडमधल्या इलोर्सुइट गावी गेला. तिथे एमॅन्युएल कॉर्नेलिउसेन या कारागिराने त्याच्यासाठी एक कायाक बांधली. ती स्कॉटलंडला आली, तिचे नकाशे निघाले आणि त्यावरून पुढे ब्रिटनमध्ये नव्या होड्या झाल्या. १९७५ साली काही ब्रिटिश मंडळी नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तर टोकाकडे गेली, त्या मोहिमेसाठी नॉर्डकॅप नावाची होडी तयार झाली. लांबी सुमारे साडेपाच मीटर, रुंदी अर्ध्या मीटरहून किंचित जास्त, पोटात आठवड्यांचा शिधा. मोठी नामांकित होडी! पण ती बेतली होती धट्ट्याकट्ट्या माणसांच्या लांब मोहिमेसाठी. आणि नाव गाजलेली होडी पाहिली की छप्पन्न वर्षांच्या गृहस्थालाही तीच हवीशी वाटते. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घ्यायचा मोह तो हाच.

आता वयाचा हिशेब मांडू. वय काय काढून घेते? खांद्याची ताकद, गुडघ्याची घडी, तोल सावरण्याची चपळाई आणि उन्हाथंडीचा सोस. काय देते? आकाश वाचण्याची नजर, आणि 'आज नको' म्हणण्याचे धाडस. नवी होडी अशी हवी की जे गेले त्याची भरपाई होईल आणि जे मिळाले ते कामी येईल. या हिशेबाने मी पाच कसोट्या लावतो.

पहिली कसोटी वजनाची. साधारण पाच मीटरची प्लास्टिकची कायाक पंचवीस ते तीस किलो भरते. काचतंतूंची फायबरची थोडी हलकी. कार्बनच्या धाग्यांची वीस किलोच्या आसपास येते. सांगाड्यावर कापड ताणलेली, जुन्या ग्रीनलंडी पद्धतीची, त्याहूनही हलकी. माथाडी बंधूंना मी काय सांगू? १९६७ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलायचे कमाल ओझे ५५ किलो धरले आहे. त्या मानाने पंचवीस किलो म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण गोणीला धरायला कोपरे असतात. ही पाच मीटरची लांबोळकी वस्तू वाऱ्यात फिरते आणि मोटारीच्या टपावर डोक्याच्या वर उचलावी लागते. शिवाय आपल्याकडे ओहोटीला पाणी लांबवर हटते आणि मध्ये चिखल पसरतो. दिवसभर वल्हवून आल्यावर तो चिखल तुडवत होडी न्यायची असते. पुष्कळ लोकांचा छंद सुटतो तो समुद्रावर नव्हे, या शेवटच्या दोनशे पावलांवर सुटतो.

दुसरी कसोटी लांबीची. लांब होडी वेगवान, असे सगळे सांगतात. ते खरे आहे, पण अर्धे. होडीला दोन अडथळे असतात. एक, अंगाला घासणाऱ्या पाण्याचा. दुसरा, तिने स्वतःच उठवलेल्या लाटेचा. वेग वाढला की लाटेचा अडथळा झपाट्याने वाढतो, आणि तिथे लांब होडी सरस ठरते. पण तासाला पाच-साडेपाच किलोमीटर या शांत चालीला मुख्य अडथळा घर्षणाचा. होडी लांब, तर भिजणारे अंगही जास्त, आणि घर्षणही जास्त. म्हणजे जो वेग मी धरणारच नाही, त्याची पट्टी मी प्रत्येक फटक्याला भरत राहणार! माझ्यासारख्याला साडेचार ते पाच मीटर पुष्कळ झाले.

तिसरी कसोटी आत बसण्याची. बसायचे भोक लहान असले की आधी पाय सरळ आत सरकवून मग बसावे लागते. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याने आधी बसून मग एकेक पाय आत घेता येईल इतके लांब भोक पाहावे. मांडीला टेका मिळाला पाहिजे, कंबर जखडता कामा नये. रुंदी चारपाच सेंटिमीटरने वाढली तरी लाज वाटू देऊ नये. लाटांत बसून चार घोट पाणी निवांत पिता येणे, हीसुद्धा होडीची लायकीच आहे.

चौथी कसोटी वाऱ्याची. चैत्र-वैशाखात सकाळी समुद्र मऊ असतो आणि दुपारी खारा वारा सुटतो. बाजूने वारा लागला की होडीचे तोंड वाऱ्याकडे वळू पाहते. ते सरळ ठेवायला एकाच बाजूने जोर मारावा लागतो, आणि म्हाताऱ्या खांद्याचा घात तिथेच होतो. म्हणून मागच्या टोकाखाली हवे तेव्हा सोडता येईल असे पाते असावे, नाहीतर पायाने चालणारे सुकाणू असावे. तरुण पट्टीचे वल्हवणारे याला कुबडी म्हणतात. म्हणोत बापडे. चष्म्याला कोणी कुबडी म्हणते का?

पाचवी कसोटी सर्वांत कठीण. होडी उलटली तर मी परत आत चढू शकतो का? दुकानातल्या गालिच्यावर याचे उत्तर मिळत नाही. कमरेएवढ्या पाण्यात, सोबती जवळ उभा असताना, मुद्दाम उलटून पाहावे. एकदा सोबत्याने होडी धरलेली असताना चढावे, एकदा वल्ह्याच्या टोकाला हवेची पिशवी बांधून एकट्याने चढावे. दमल्यावर तिसऱ्यांदा चढावे. तिसऱ्यांदा जमले नाही तर ती होडी आपली नव्हे. तिचे पुढचेमागचे कप्पे बंदिस्त आहेत ना, हेही त्याच वेळी कळते. नसले तर होडी पाण्याने भरून जड होते.

या पाचांबरोबर वल्ह्याचाही विचार करा. मिनिटाला साठ फटके धरले तर तासाला ३,६०० होतात. जड वल्हे आणि हलके वल्हे यांत ४०० ग्रॅमचा फरक पडू शकतो. फटक्याला निम्मे वल्हे वर उचलले जाते असे ठोकळ मानले, तर २०० ग्रॅम गुणिले ३,६०० म्हणजे तासाला ७२० किलो. सिमेंटच्या चौदा गोण्या! उंची थोडी असेल, पण उचलतो आपलाच खांदा. खिशात पैसे कमी असतील तर आधी वल्हे बदला, होडी मागाहून.

आता दोन आक्षेप. पहिला : या वयात हे हवेच कशाला? माझ्याऐवजी पोलंडचा अलेक्सांदर डोबा उत्तर देईल. रासायनिक कारखान्यात नोकरी केलेला हा माणूस. चौतिसाव्या वर्षी त्याने कायाक वल्हवायला सुरुवात केली. चौसष्टाव्या वर्षी, २०१० ते २०११ मध्ये, तो सेनेगलहून ब्राझीलला अटलांटिक ओलांडून गेला. २०१७ मध्ये तिसऱ्यांदा अमेरिकेहून फ्रान्सला पोचला तेव्हा एकाहत्तरी अवघ्या काही दिवसांवर होती. पण त्याच्या धाडसाला टाळ्या देताना त्याची होडी पाहायला विसरू नका. सात मीटरची, आत झोपायची सोय असलेली, त्याच्या कामासाठी मुद्दाम बांधलेली ती होडी होती. म्हणजे सत्तरीतला हा माणूस ग्रीनलंडचाच नियम पाळत होता.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक टोचतो. हलकी होडी महाग, आणि खडकावर घासली तर नाजूक. मग हलकेपणा श्रीमंतांना आणि पाठदुखी गरिबांना, असाच न्याय झाला की! यावर चळवळीत शिकलेलाच उपाय मी सांगतो. तिघांनी मिळून एक चांगली होडी घ्यावी, वार वाटून घ्यावेत. प्लास्टिकचीच परवडत असेल तर तिच्याखाली घालायला दोन चाकांची गाडी घ्यावी आणि उचलायला जोडीदार ठरवावा. या वयात एकट्याने समुद्रावर जाऊ नये असे मी म्हणतोच. मग ओझे तरी एकट्याने का उचलावे?

मी स्वतः काय ठरवले ते सांगून आपली रजा घेतो. माझी पुढची होडी पाच मीटरच्या आतली, बसायला ऐसपैस, मागे पाते असलेली आणि मला एकट्याला खांद्यावर उचलता येईल इतकीच जड असेल. वर्गणीदार दोन सोबती मिळाले आहेत. गोदीत आम्ही तीस वर्षे एकच मागणी केली, की काम माणसाच्या बेताने बेतावे. ती मागणी माणसाने निवृत्तीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या देहासाठीही करावी. देह थकला म्हणून समुद्र सोडायची घाई करू नका. आधी माप पुन्हा घ्या.