छापखान्याच्या दारावरचे पहारेकरी
(वर्ध्यातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पॅलेस्टाइन हा विषय वर्ध्याला परका नाही. २० नोव्हेंबर १९३८ रोजी गांधीजींनी पॅलेस्टाइनच्या प्रश्नावरचा आपला गाजलेला लेख लिहिला तो इथेच, सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात. पॅलेस्टाइन अरबांचं आहे, असं त्यांनी त्यात स्वच्छ म्हटलं. ते जगापर्यंत पोचलं, कारण ‘हरिजन’ साप्ताहिक त्यांच्या हातात होतं. पण ऑक्टोबर १९४० मध्ये पवनारहून विनोबांचा वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या बातम्या आधी दिल्लीला दाखवा, असं सरकारचं फर्मान येताच गांधीजींनी ‘हरिजन’ बंद ठेवलं. परवानगी मागून लिहिणं त्यांना मान्य नव्हतं.

इंग्रजांनी आपल्यावर १९३१ चा प्रेस कायदा लादला आणि पॅलेस्टाइनवर १९३३ चा. तिथले १९४५ चे आणीबाणीचे नियम तर इंग्रज गेल्यावर इस्रायलनं चालू ठेवले.

बायकांना मात्र सरकारच्या आधी घरचा पहारेकरी भेटतो. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसच्या फदवा तुकान यांना लहानपणीच शाळेतून काढलं, घरात डांबलं. भाऊ इब्राहिम कवी होता, त्यानं शिकवलं म्हणून अरबी कवितेला त्या मिळाल्या. आमच्या विदर्भाच्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं काय झालं? १८८२ साली त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यात छापून निघालं, प्रती पाचशे. इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली नव्हती. आपल्याच लोकांनी झोड उठवली. जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ पुस्तिकेतून ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले, पण बाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. अभ्यासक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापलं, तोवर नव्वदहून अधिक वर्षं गेली होती. बंदीचा हुकूम निदान कागदावर सापडतो. या पहाऱ्याची कुठे नोंदही नसते, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो.

तोच हुकमाविना चालणारा पहारा ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रँकफर्टला दिसला. १९४९ साली नेगेवच्या वाळवंटात इस्रायली सैनिकांनी एका बेदुइन मुलीवर बलात्कार करून तिला मारलं. त्या घटनेवर पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिब्ली यांनी कादंबरी लिहिली, तिला पुरस्कार जाहीर झाला आणि पुस्तक मेळ्यात व्हायचा समारंभ पुढे ढकलला गेला. शेकडो लेखकांनी निषेध केला. तरी बाईंना बोलण्यासाठी जे व्यासपीठ मिळायचं होतं, ते त्या वेळी हुकलंच.

आपणही यात आहोत. अरबीतलं काय वाचायचं, हे आपल्यासाठी लंडन आणि न्यूयॉर्कचे प्रकाशक ठरवतात, कारण इंग्रजीत आलं तेवढंच आपल्याकडे पोचतं. महाराष्ट्रात अरबी जाणणारी माणसं आहेत. त्यांनी फदवा तुकान, पॅलेस्टिनी कादंबरीकार सहर खलीफा, अदानिया शिब्ली थेट मराठीत आणाव्यात, नियतकालिकांनी त्यासाठी पानं राखावीत. वर्ध्याच्या ग्रंथालयांनी त्या पुस्तकांची मागणी आजच नोंदवावी, ही माझी विनंती आहे.