उद्याची शुश्रूषा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



‘आरोग्यसेवेचे भवितव्य आणि त्यातील नोकऱ्या’ असा भारदस्त विषय कार्यवाहबाईंनी निमंत्रणपत्रिकेवर छापून टाकला, तेव्हा मी जरा दचकलेच. भविष्य सांगायला मी काही ज्योतिषी नव्हे. ३५ वर्षे परिचारिका म्हणून काढली, त्यातली शेवटची दहा मुलींना शिकवण्यात गेली, एवढेच माझे भांडवल. पण डोळ्यांदेखत जे बदलत गेले त्यावरून पुढचा रस्ता थोडाफार दिसतो. तेवढाच आपल्यापुढे मांडते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. आनंदाचीच गोष्ट! पण त्याबरोबर रोगांची जातही बदलली. पूर्वी पटकी, देवी असले आजार यायचे आणि आठ-पंधरा दिवसांत काय तो सोक्षमोक्ष लावून जायचे. आता मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, गुडघे, विस्मरण! हे पाहुणे एकदा घरात शिरले की वीस-वीस वर्षे मुक्काम हलवीत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दिसून आले. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसेही १० कोटींवर होती. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज असा, की २०५० पर्यंत ती ३४ कोटींच्या वर जातील. म्हणजे दर पाच माणसांत एक.

आता हिशेब आपणच करा. डॉक्टर रोग्याला पाहतात दहा मिनिटे. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे त्याला कोण पाहणार? पूर्वी याचे उत्तर ठरलेले असे : घरातली सून. आता सून कचेरीत, मुलगा परगावी किंवा परदेशी, आणि घरात दोन थकलेली माणसे एकमेकांना सांभाळीत बसलेली. मग ब्यूरोला दूरध्वनी जातो आणि बारा तासांसाठी एक बाई येते. आपल्या याच आळीत अशा किती बाया सकाळी आठला येतात आणि रात्री आठला जातात, ते आपण मोजले तर थक्क व्हाल.

या बाईला कुणी काही शिकवलेले असते का? बहुधा नाही. आणि ‘त्यात शिकायचे काय, घरकामच ते’ असे म्हणणाऱ्याही पुष्कळ भेटतात. म्हणून थोडे तपशिलात जाते. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर शय्याव्रण होते. ते आधी नुसते लालसर दिसते. त्याच वेळी लक्ष गेले तर बरे होते. एकदा कातडी फुटली की महिनोन्‌महिने भरत नाही. तो लाल भाग चोळायचा नसतो, पण बहुतेक घरी मायेने तोच चोळतात! पक्षाघात झालेल्याला आडवे ठेवून पेज पाजली तर ती श्वासनलिकेत जाते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. त्याला सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली घ्यावी, एकेक लहान चमचा द्यावा, गिळलेले पाहून मगच दुसरा. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढले की खांदा निखळतो. इन्शुलिन घेणाऱ्या आजोबांना अचानक दरदरून घाम फुटला, ते असंबद्ध बोलू लागले, तर आधी साखर उतरली आहे का ते पाहावे लागते. हे ज्ञान एखाद्याचा जीव राखते, आणि त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागत नाही.

शिकवलेली बाई काय करू शकते याचे दाखले आपल्याच महाराष्ट्रात आहेत. पुण्याचे सेवासदन रमाबाई रानड्यांनी १९०९ साली उभे केले, आणि परिचारिकेचे काम हलके समजले जाण्याच्या त्या काळात तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात ते शिकू लागल्या. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायला शिकवले. ३९ गावांतले बालमृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले, ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नवजात बाळे पाहावी ही योजना त्यातूनच आली. देशात आशा आज सुमारे दहा लाख आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. मात्र सरकारदरबारी ती अजून ‘स्वयंसेविका’च आहे; तिला पगार नाही, मानधन आहे, आणि त्यासाठीही तिला रस्त्यावर येऊन बसावे लागले आहे.

यंत्रे येत आहेत, मग माणसांचे काम उरेल का, असे मला मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारले. यंत्रे आलीच आहेत. क्षयरोगासाठी छातीचे चित्र संगणकाने वाचावे याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली संमती दिली. २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनीमुळे उपकेंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. पण खोकणाऱ्या आजीला त्या यंत्रापुढे नीट उभे करून ‘श्वास धरा’ असे कुणीतरी म्हणावेच लागते, आणि पडद्यावरचे डॉक्टर काही रक्तदाब मोजायला हात बाहेर काढू शकत नाहीत! नुसते कागद भरण्याचे आणि अहवाल टंकण्याचे काम कमी होईल. हात लावायचे काम वाढेल.

तेव्हा मुलींना, आणि मुलांनाही (पुरुष परिचारक आता कितीतरी आहेत), हे शिक्षण जरूर द्यावे. बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, ए.एन.एम. दोन वर्षांचे. शिवाय प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायालिसिस, भौतिकोपचार अशा शाखा आहेत. त्यांच्यासाठी २०२१ साली वेगळा कायदाही झाला. जर्मनी, जपान यांसारख्या म्हाताऱ्या होत चाललेल्या देशांतही मागणी आहे, पण तिथे त्यांची भाषा आधी शिकावी लागते. एक मात्र निक्षून सांगते. खांबावर जाहिराती लागतात, ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’. असे कुणी होत नाही. माझ्याकडे एक मुलगी रडत आली होती. आईने बांगड्या मोडून फी भरली आणि हाती आला एक शोभेचा कागद. फी भरण्यापूर्वी त्या संस्थेला भारतीय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, एवढे विचारावे. मान्यता नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

आता थोडे कडू बोलते, रागावू नका. आपल्याला आपल्या आईसाठी चांगली शिकलेली, गोड बोलणारी, रात्री न झोपणारी बाई हवी असते; पण तिला सुट्टीचा दिवस द्यायचा म्हटले की कपाळाला आठी पडते. तिला चहा वेगळ्या कपात. तिच्या पैशांतून ब्यूरोने किती कापून घेतले, हे कुणी विचारीत नाही. आणि आपल्या लेकीने हे काम करायचे म्हटले तर ‘शी, लोकांचे मलमूत्र काढायचे?’ मग शिकलेल्या मुली या कामाकडे वळायच्या कशा?

आपल्या मंडळाला सगळा देश सुधारता येणार नाही. पण आळीत काम करणाऱ्या या बायकांसाठी, आणि घरी म्हातारी माणसे असलेल्या तुमच्यासाठीही, दर रविवारी दुपारी तीन ते पाच असा वर्ग मी या सभागृहात घ्यायला तयार आहे, बारा रविवार. मला लागेल एक खाट, दोन चादरी, चार उशा आणि रोगी होऊन निजायला तयार असलेली एखादी भगिनी. कामाच्या बाया रविवारीही कामावर असतात. ते दोन तास त्यांना मोकळे सोडायचे आणि पैसे कापायचे नाहीत, हे मात्र तुम्ही कबूल करायला हवे. ज्यांना ते कबूल असेल त्यांनी जाताना कार्यवाहबाईंच्या वहीत आपले आणि आपल्याकडच्या बाईचे, अशी दोन्ही नावे लिहावीत.