जुनं घंगाळ कुणाचं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या कथालेखन शिबिरात केलेलं भाषण)

मला इथे बोलावलं तेव्हा पहिल्यांदा मी नाहीच म्हटलं होतं. मी काही लेखिका नाही. समाजकार्यात एम. ए. केलं आणि गेली दहा-बारा वर्षं सल्ला केंद्रात बसते. माझं लेखन म्हणजे केसपेपर, अर्ज आणि यादी. पण तुमच्या कथा वाचायला दिल्या गेल्या, त्या वाचताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. ती यादीशीच जोडलेली आहे, म्हणून आले.

तुमच्या कथांमधे जुन्या वस्तू पुष्कळ आहेत. समई आहे, पैठणी आहे, जातं आहे, शिसवी पेटी आहे. ते साहजिकच आहे. आपल्या आया-आज्यांच्या नावावर ना जमीन होती ना घर. त्यांची आठवण वस्तूंनाच चिकटून राहिली. पण या वस्तूंसाठी आपण शब्द कोणते वापरतो? ‘सुंदर’, ‘पुरातन’, ‘प्राचीन’, ‘दुर्मीळ’. एका कथेत वाक्य आहे, ‘कोपऱ्यात एक सुंदर, पुरातन घंगाळ होतं.’ या वाक्याशी मी अडले. का अडले, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई आली. सासरहून मारून बाहेर काढलेली. तिला नवऱ्याकडे परत जायचं नव्हतं, फक्त आपलं सामान हवं होतं. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, ती सासरच्या घरात ठेवली म्हणून नवऱ्याची किंवा सामाईक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आपण हे शिबिरांमधून सांगतोच. पण प्रत्यक्षात वस्तू ताब्यात घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो, ही वस्तू तुझीच कशावरून?

आम्ही पोलिसांना बरोबर घेऊन गेलो. यादी आधी मीच लिहिली होती. त्यात मी लिहिलं होतं, ‘एक जुने तांब्याचे घंगाळ’. सासरा म्हणाला, “ते आमचं वडिलोपार्जित आहे.” भांड्यावर नाव घातलेलं नव्हतं, पावती तर नव्हतीच. यादीवरच्या माझ्या शब्दांनी काहीच सिद्ध होईना. जुनी घंगाळं गावात दहा घरी असतील.

तेव्हा ती बाई बोलायला लागली. घंगाळ अजून आतच होतं, बाहेर आणलेलं नव्हतं. ती म्हणाली, “त्याची एक कडी तांब्याची आहे, दुसरी पितळेची. पहिली निखळली तेव्हा माझ्या बापाने बसवून घेतली. पितळेच्या कडीखाली पोचा आहे. मी लहान असताना न्हाणीच्या पायरीवर आपटलं होतं, मार खाल्ला होता मी त्यापायी.” घंगाळ बाहेर आलं. एक कडी तांब्याची, एक पितळेची, खाली पोचा. सासरा गप्प बसला.

मैत्रिणींनो, मी पदव्युत्तर शिकलेली, आणि मी लिहिलं ‘जुने’. ती चौथी शिकलेली, आणि तिच्या वर्णनाने भांडं परत मिळालं. वर्णन म्हणजे सजावट नव्हे, वर्णन हा हक्क सांगण्याचा एक मार्ग आहे, हे मी तिच्याकडून शिकले. कथेतही हेच होतं असं मला वाटतं. ढोबळ शब्द लिहिला की वस्तू बाईच्या हातून निसटते.

आता आपल्या नेहमीच्या शब्दांकडे पाहू.

‘पुरातन’ हा शब्द बाजूने जाणाऱ्या माणसाचा आहे, वापरणाऱ्याचा नाही. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार वस्तू पुरावस्तू ठरायला साधारणपणे ती निदान शंभर वर्षांची असावी लागते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. कायद्याला असं मोजमाप लागतंच. पण आजीच्या रोजच्या वापरातल्या भांड्याला नात कधी ‘पुरातन’ म्हणेल का? ती म्हणेल ‘आजीचं’. कथा नात सांगत असेल आणि तिच्या तोंडी ‘पुरातन’ आला, तर ती नात राहत नाही, गिऱ्हाईक होते.

‘जुनाट’ आणि ‘जीर्ण’ हे दोन शब्द आपण सारखेच समजून वापरतो. ‘जुनाट’मधे नकोसेपण आहे. दुखण्याला जुनाट म्हणतात, विचारांना म्हणतात. सून सासूच्या कपाटाला जुनाट म्हणाली तर त्या घरातलं भांडण एका शब्दात कळतं. ‘जीर्ण’ला मात्र हात लावायची भीती आहे, हात लावला तर फाटेल अशी. कोणता शब्द हवा हे वस्तूवरून ठरत नाही, कोण बघतंय यावरून ठरतं.

आणि तो सासऱ्याचा शब्द, ‘वडिलोपार्जित’. ‘वडील’ म्हणजे मुळात वयाने मोठं माणूस. आपण अजून ‘वडील बहीण’ म्हणतो. पण कागदावर हा शब्द आला की डोळ्यापुढे बापाची नि आजोबाची ओळ उभी राहते. आईकडून लेकीकडे आलेल्या वस्तूला असा भारदस्त शब्द नाही. आहे तो साधा, ‘माहेरचं’. मला तो फार मोलाचा वाटतो. त्यात वस्तू कुठून आली आणि कुणाबरोबर आली, दोन्ही आहे. कथेत तो वापरायला लाजू नका.

‘सुंदर’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. एका कथेत ‘झिजून गुळगुळीत झालेलं सुंदर जातं’ असं आहे. हे वाक्य मी आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीला वाचून दाखवलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, “गुळगुळीत झालं तर दळेल कसं? टाकी लावून घ्यावी लागते त्याला.” तळी झिजून गुळगुळीत झाली की पीठ पडत नाही, मग पाथरवटाकडून पुन्हा टाके घालून घ्यायचे. गुळगुळीत होतो तो खुंटा, पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या मुठीने. म्हणजे एकाच वस्तूत एका जागचा गुळगुळीतपणा बिघाड आहे आणि दुसऱ्या जागचा बायकांच्या कष्टाची खूण आहे. आज हॉटेलांच्या दारात शोभेला जाती मांडलेली असतात. आपल्या कथेतलं जातं तसं शोभेचं होऊ द्यायचं नसेल, तर ‘सुंदर’ खोडा आणि खुंट्याबद्दल लिहा. तो घोटीव झाला होता की नाही, त्याला पकडणारे हात एकीचे होते की जावा-जावांचे, हे लिहा.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, टाचा घासायच्या वज्री आहेत. बायकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंना कुणी मान दिला, जपलं, हे पाहून बरं वाटतं. पण कुणाची टाच, कशाने भेगाळलेली, हे सांगणं संग्रहालयाच्या पाटीचं काम नाही. ते कथेचं काम आहे. आपण कथेतच पाटी लिहून कसं चालेल?

पैठणीचंच घ्या. एकच जुनी पैठणी. बोहारणीच्या लेखी ती ‘विरलेली’, कारण तिला भांड्याचा भाव पाडायचा आहे. जर विकत घेणाऱ्याला त्यात चांदी दिसते, तो ती जाळणारच आहे. शहरातल्या दुकानात तिला ‘अँटिक’ म्हणतील आणि पदराची उशी शिवतील. आणि जिची ती आहे, ती म्हणेल, “घडीवर उकललीय, म्हणून नेसत नाही, पण दर दसऱ्याला घडी मोडून ठेवते.” चौघांपैकी कुणाचे शब्द घ्यायचे हे आधी ठरवा. लेखिका म्हणून आपण नकळत दुकानदाराची बाजू तर घेत नाही ना?

आणखी एक गोष्ट, जरा टोचणारी. जुनं आणि सुंदर जपून ठेवता येणं ही सगळ्या घरांची चैन नव्हती. आपल्या कथांमधे वाडा, समई, कोनाडा सहज येतात. पण १९७२ च्या दुष्काळात घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढून पोट भरलेल्या बायका माझ्या वस्तीत आहेत. एका दलित मैत्रिणीने मला सांगितलं, “आमच्याकडे जुनं म्हणजे दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेलं. आजीचं म्हणून काही असेल तर ती गोधडी.” त्या गोधडीत कुणाकुणाची लुगडी आहेत हे तिची आई बोट ठेवून सांगते. तिच्या घरात ‘जुनं’ हा शब्द आठवणीचाही आहे आणि अपमानाचाही. हे दोन्ही आपल्या कथांमधे यायला हवं.

शेवटी बायकांबद्दल. घराला जुनं म्हणताना आपण ‘देखणं’ म्हणतो. म्हाताऱ्या बाईला मात्र ‘तरुणपणी देखणी असणार’ असं लिहितो. तुमच्या चार कथांत हे वाक्य आहे. लाकडाला वयाबरोबर रूप चढतं आणि बाईचं फक्त उतरतं, हे आपण कुणाकडून शिकलो? निदान आपल्या लेखणीतून तरी हे जावं.

मी त्या कथेच्या लेखिकेला काल रात्री विचारलं, घंगाळ कुणाचं? ती म्हणाली, “माझ्या आजीचं. दिवाळीत सगळी पोरं त्यातल्या गरम पाण्याने न्हायची. आजीची पाळी शेवटी यायची, तोवर पाणी गार झालेलं असायचं.” मी म्हटलं, अगं, मग हे लिही ना! ‘सुंदर, पुरातन’ या दोन शब्दांनी त्या आजीला घराबाहेर काढलं होतं.

तेव्हा आज दुपारच्या सत्रात एवढंच करू या. प्रत्येकीने आपल्या कथेतली एक जुनी वस्तू घ्यावी आणि तिच्यापुढचं विशेषण खोडावं. मग विचारावं, ही कुणाची? कुणाच्या हाताने झिजली? कुठे मोडली, कुणी नीट केली? उत्तर मिळालं की योग्य शब्द सापडेल, कधी विशेषणाची गरजही उरणार नाही. आणि एखादीला उत्तर सापडलं नाही, तर घरी जाऊन आईला विचारावं. आई आहे तोवरच विचारता येतं.

आणि हो, आता मी केंद्रात यादी लिहिते तेव्हा ‘एक जुने भांडे’ असं लिहीत नाही. आधी विचारते, “त्याला कुठे पोचा आहे का, ताई?”