पाळण्यातील बालक आणि पहिली लस
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सव म्हटला म्हणजे मागे वळून पाहावे, उपकारकर्त्यांचे स्मरण करावे व प्रभूचे आभार मानावेत, अशी आपली रीत आहे. ते कार्य ह्या पुस्तिकेतील इतर लेखांनी यथास्थित केले आहे. आम्ही आज आपले लक्ष एका तान्ह्या मुलाकडे वेधू इच्छितो. ह्या धर्मग्रामाचा पुढील महोत्सव जे साजरा करतील, त्यांपैकी कित्येक आज पाळण्यात आहेत, आणि त्यांच्या आयुष्यातील पहिल्या दिवशीच त्यांच्याविषयी एक निर्णय त्यांच्या मातापित्यांस घ्यावा लागतो. त्या निर्णयाविषयी आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रसंग असा घडला. बदलापुरास राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका तरुण गृहस्थास पहिले अपत्य झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. दुपारी परिचारिकेने विचारले, "बाळाला आज लसी द्यायच्या आहेत. द्यायच्या ना?" प्रश्न साधा होता, पण त्या गृहस्थाच्या तोंडून उत्तर निघेना. गावाहून सासूबाईंचा निरोप आला होता की, सव्वा महिना होईपर्यंत बाळाच्या अंगाला सुई लावू नका. एका मित्राने मोबाइलवर संदेश धाडला होता की, लसींमुळे मुले मतिमंद होतात. दुसऱ्याने तर लिहिले होते की, लसी गर्भपात केलेल्या बालकांपासून करतात, सबब कॅथलिकांनी त्या घेऊ नयेत. बिचाऱ्याने आम्हांस दूरध्वनी केला व म्हटले, "सर, हो म्हटले तर पाप, नाही म्हटले तर धोका. आता मी काय करू?"

त्या क्षणी आम्हांस लाज वाटली. विवाहापूर्वी आपण वधूवरांस शिकवण देतो, बाप्तिस्म्यापूर्वी मातापित्यांस व धर्ममातापित्यांस बोलावून घेतो. पण ह्या दोहोंच्या मधल्या, बाप्तिस्म्याच्याही आधीच्या त्या पहिल्या दिवसासंबंधी आपण त्यांस एक अक्षरही सांगितलेले नसते. म्हणून जे त्या दिवशी घाईघाईने सांगितले, तेच आज सावकाश मांडतो.

प्रथम, मागितले काय जाते ते पाहू. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे जन्मानंतर तीन लसी देतात. पहिली 'ब' प्रकारच्या काविळीची. ही मांडीत टोचतात व २४ तासांच्या आत द्यावयाची असते. दुसरे पोलिओचे दोन थेंब. हा 'शून्य मात्रा' म्हणून ओळखला जाणारा डोस पहिल्या १५ दिवसांत द्यावा लागतो. तिसरी क्षयाविरुद्धची बीसीजी; ही डाव्या दंडावर, जन्मानंतर जितक्या लवकर देता येईल तितक्या लवकर देतात. ह्यांशिवाय जीवनसत्त्व 'के'चेही इंजेक्शन देतात. ती लस नव्हे, तान्ह्या मुलास रक्तस्राव होऊ नये म्हणून केलेली तजवीज होय. सरकारी रुग्णालयांतून ह्या लसी विनामूल्य मिळतात.

आता कोणी विचारील, इतकी घाई कशासाठी? काविळीचेच उदाहरण घेऊ. हा विषाणू प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे जाऊ शकतो. मोठ्या माणसास त्याची बाधा झाली तर शंभरांत पंचाण्णवांहून अधिक जण काही महिन्यांत बरे होतात. पण नवजात बालकास ती झाली, तर शंभरांपैकी सुमारे नव्वद बालकांच्या यकृतात तो विषाणू कायमचा ठाण मांडतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृत निकामी होण्याचे किंवा कर्करोगाचे रूप घेऊन प्रकट होतो. पहिल्या दिवसाची लस त्या विषाणूस वाटेतच गाठते. सव्वा महिन्याने दिलेली लस पुढील धोका टाळील, पण जन्मवेळी शिरलेल्या विषाणूस ती गाठू शकत नाही. सासूबाईंच्या मायेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे; परंतु मायेने नेमलेला मुहूर्त हा रोग पाळीत नाही.

बीसीजीविषयी खरे तेवढेच सांगावे. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती भरवशाचे रक्षण करीत नाही. तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत हे दिसून आले. पण लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाला होणारा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय, हे जे बालकांचे प्राण घेणारे दोन प्रकार, त्यांपासून ती चांगले रक्षण करते. टोचल्यावर काही आठवड्यांनी तेथे पुळी येते, पिकते, फुटते व व्रण राहतो. हा लसीचा नेहमीचा क्रम आहे. त्यावर मलम, हळद, चुना काहीही लावू नये.

भीती ही काही आजची नव्हे. आपल्या मुंबईनेच ह्या देशाला लसीची ओळख करून दिली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचण्यात आली; हिंदुस्थानात यशस्वीपणे लस टोचली गेलेली ती पहिली. तिच्या हातावरच्या फोडातील लस पुढे इतर मुलांस टोचली गेली. त्या काळी लस अशीच एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेत. परक्या मुलाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात घालू देण्यास आईबाप कचरत; त्यांस आम्ही मूर्ख म्हणणार नाही. १८७७ साली मुंबई शहरासाठी लस टोचण्याचा कायदा झाला, तरी कायद्याने भीती जात नाही. ती गेली ती अनुभवाने. १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रोगी आढळला, आणि ८ मे १९८० रोजी हा रोग पृथ्वीतलावरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आज आपल्या मुलांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर देवीचे व्रण दिसत नाहीत, इतकेच नव्हे तर ते व्रण कसे असतात हेही त्यांस ठाऊक नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या संकटात आपल्या पूर्वजांनी वांद्र्यासारख्या ठिकाणी रस्त्यांच्या कडेला क्रूस उभारले, संत सेबास्तियन व संत रोक ह्यांचा धावा केला. ते क्रूस आजही उभे आहेत. त्याच दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ प्लेगची लस सिद्ध करीत होते, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वाटेवरचा क्रूस आणि खोलीतील परीक्षानळी, ही दोन्ही एकाच शहराने एकाच संकटात पाहिली. त्यांत विरोध आहे असे मानण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

चुका कधी झाल्याच नाहीत, असेही आम्ही म्हणणार नाही. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक येथे बीसीजीच्या लसीत क्षयाचे जिवंत, मारक जंतू मिसळले गेले व सत्तरांहून अधिक बालके गेली. आपल्या महाराष्ट्रात, यवतमाळ जिल्ह्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ मुलांस पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने ती मुले बरी झाली. ह्या तिन्ही ठिकाणी दोष हयगयीचा होता. त्यावरून बोध घ्यावयाचा तो हा की, मातापित्यांनी डोळे उघडे ठेवून उभे राहावे, कुपीवरचे नाव व मुदत दाखवावयास सांगावी आणि काय दिले ते कार्डावर लिहून घ्यावे. लसींमुळे स्वमग्नता येते, अशी जी आवई उठली, ती १९९८ साली एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या निबंधावरून. तो निबंध सदोष ठरला व २०१० साली त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. आवई मात्र अजून मागे घेतली गेलेली नाही.

आता सदसद्विवेकाचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बीसीजी ही जंतूंपासून व काविळीची लस यीस्टच्या साहाय्याने करतात. पोलिओचे थेंब आपल्याकडे मुख्यतः माकडाच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढविलेल्या विषाणूंचे असतात. पुढे नवव्या महिन्यात दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लसीचे विषाणू मात्र ज्या पेशींवर वाढवितात, त्या पेशींचा वंश १९६० च्या दशकात गर्भपात झालेल्या अर्भकांपासून सुरू झालेला आहे. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यासाठी आज नवा गर्भपात होत नाही, हेही तितकेच खरे. पवित्र सभेने ह्याचा विचार २००५ साली, पुन्हा २०१७ साली केला, आणि २१ डिसेंबर २०२० रोजी रोम येथील श्रद्धासिद्धांत मंडळाने, करोनाच्या लसींच्या निमित्ताने, स्पष्ट निवेदन दिले. निर्दोष पर्याय उपलब्ध नसेल तर अशा लसी घेणे नैतिक दृष्ट्या ग्राह्य आहे. घेणाऱ्याने त्यामुळे गर्भपातास संमती दिली असे होत नाही. शास्त्रज्ञांनी निर्दोष पर्याय शोधावेत अशी मागणी करीत राहावे. लस घेणे ऐच्छिक असावे, परंतु स्वतःच्या आरोग्याइतकेच सर्वांच्या हिताचेही कर्तव्य विसरू नये, असा त्याचा आशय आहे. हे काही नवे वळणही नव्हे. १८२२ साली पोपच्या राज्यात कार्डिनल कोन्साल्वी ह्यांनी देवीची लस पसरविण्यासाठी हुकूम काढला होता.

"देव राखील," असे कोणी म्हणतो. देव राखतोच. पण मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे प्रभूला कोणी सुचविले होते, ते आपणांस ठाऊक आहे. बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे. औषधी ही देवानेच निर्मिलेली आहे. आणि संत योसेफाचे स्मरण करा. बालकाच्या जिवावर संकट आहे असे कळताच तो त्याच रात्री उठला, बाळाला व त्याच्या आईला घेऊन निघाला. उजाडेपर्यंत तो थांबला नाही.

शेवटी शेजाऱ्याचा विचार. आपली ही तीन गावे कशी वसली आहेत? १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याण कॅम्पाच्या लष्करी बराकींत उतरली व त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. अंबरनाथ कारखान्यांभोवती वाढले, बदलापूर मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी वाढविले. आपण कोणी वसईचे, कोणी नगरकडचे, कोणी गोव्याचे; सारे सकाळच्या एकाच गाडीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो. गोवराचा एक रोगी, लस नसलेल्या बारा ते अठरा जणांस तो रोग देऊ शकतो. २०२२ च्या उत्तरार्धात मुंबईत गोवंडीकडे आणि आपल्याच ठाणे जिल्ह्यात भिवंडीस गोवराची साथ आली व मुले दगावली. नऊ महिन्यांखालच्या बाळास त्या लसीचे वय झालेले नसते. त्याचे रक्षण शेजारच्या मुलांच्या दंडावर अवलंबून असते. पोलिओचेही तसेच. १३ जानेवारी २०११ रोजी आपल्या देशातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी नोंदला गेला, २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला; हे लाखो अनोळखी मातापित्यांनी एकमेकांसाठी केलेले काम होय.

तेव्हा आमची विनंती एवढीच. निर्णय सातव्या महिन्यातच घरी बसून, आजी-आजोबांसह करा. शंका असतील त्या डॉक्टरांस विचारा. विचारणे हा अविश्वास नव्हे. मातेच्या काविळीची तपासणी झाली आहे की नाही ते पाहा. बाळ अपुऱ्या दिवसांचे, फार कमी वजनाचे किंवा आजारी असेल तर कोणती लस केव्हा द्यावी, ते डॉक्टरांस ठरवू द्या. माता-बाल संरक्षण कार्ड बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर जपून ठेवा, आणि सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या तारखा विसरू नका. पहिल्या दिवसाची लस ही केवळ सुरुवात आहे. आणि आमच्या कुटुंबमंडळास आम्ही सुचवितो की, बाप्तिस्म्याच्या तयारीचा पहिला वर्ग ह्यापुढे प्रसूतीपूर्वी घ्यावा व त्यात एखाद्या डॉक्टरास किंवा परिचारिका भगिनीस बोलवावे.

तो तरुण गृहस्थ त्या दिवशी काय करता झाला, असे आपण विचाराल. आम्ही त्यास तीन गोष्टी सांगितल्या: काविळीच्या लसीस वेळ थोडा आहे, जन्मवेळच्या लसींत तुला वाटते ते पाप नाही, जे भय वाटते ते डॉक्टरांस तोंडावर विचार. त्याने विचारले. डॉक्टर घाईत होते, तरी खुर्ची ओढून बसले व दहा मिनिटे बोलले. संध्याकाळी लसी दिल्या गेल्या. सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या, त्यांनी बाळाची मांडी पाहिली, कपाळावर क्रूसाची खूण केली, आणि म्हणाल्या, "बरे झाले, माझ्या येण्याआधीच झाले, माझ्याने बघवले नसते." मायेने इतके कबूल केले, ह्याहून अधिक आम्हांस काय हवे?

ज्याने बालकांस आपल्याजवळ येऊ द्या म्हटले, तो प्रभू ह्या धर्मग्रामातील प्रत्येक पाळण्याचे रक्षण करो, आणि त्या रक्षणाच्या कामी आपले हात वापरण्याची बुद्धी आपणांस देवो.