सूर्याचा झोका

शाळेच्या पदार्थविज्ञानांत 'नियतकालिक गति' नांवाचें एक प्रकरण असतें. नांव ऐकून एखाद्या मुलाला मासिकच आठवावें! ठराविक काळानें पुनःपुन्हा तशीच घडणारी गति, ही व्याख्या मुलें पाठ करितात. लंबकाचीं वीस आंदोलनें मोजून उत्तरही काढितात. पण मीटरभर लांबीचा लंबक दोन सेकंदांत जाऊन परत येतो. टोकाला तो मंदावतो, मध्यावर वेग घेतो, हें तेवढ्या अवधींत डोळ्याला दिसावें कसें? व्याख्या तोंडीं राहते आणि गति दृष्टीआड होते.

यवतमाळ जिल्ह्यांतील शाळांना याहून मोठा लंबक फुकट मिळाला आहे. त्याचा झोका एका वर्षाचा. मैदानांत सपाट जागीं शंभर सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्यानें उभी करावी आणि आठवड्यांतून एकदां दुपारची सर्वांत आंखूड सांवली मोजावी. बाराच्या ठोक्यावर विसंबूं नये. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ रेखांशावरची, यवतमाळ ७८ च्या जवळ, म्हणून येथील मध्यान्ह सरासरीनें सतरा मिनिटें उशिरां होतो.

यवतमाळ शहराचे अक्षांश सुमारें २०.४. तेथें २२ डिसेंबरला ही सांवली उत्तरेस ९६ सेंटिमीटर पडते, २१ मार्चला ३७. मेच्या २२ तारखेच्या सुमारास ती काठीच्या पायाशींच नाहींशी होते; मग चक्क दक्षिणेला वळते आणि २१ जूनला पांच सेंटिमीटर भरते. जुलैंतील तिचें परतणें बहुधा ढगांत हरवतें. मेमधील दिवस स्वच्छ, तर शाळेला सुटी! तेव्हां काठी मुलांनीं आपापल्या अंगणांत रोवावी.

खरी मौज वहींतील आंकड्यांत आहे. २२ डिसेंबरनंतरच्या दहा दिवसांत सांवली जेमतेम दीड सेंटिमीटर हलते. २१ मार्चनंतरच्या दहा दिवसांत जवळजवळ आठ. टोकाला संथ, मध्यावर चपळ, ही झोपाळ्याचीच रीत. चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, कीं सांवलीची लांबी कोनाच्या प्रमाणांत वाढत नाहीं. त्याचें म्हणणें बरोबर आहे. त्यालाच लांबीवरून कोन काढावयास लावावा. मार्चच्या त्या दहा दिवसांत सूर्य सुमारें चार अंश उत्तरेस सरकलेला दिसेल, डिसेंबरच्या दहांत अर्ध्या अंशाहूनही कमी.

असें कां? सायकल उभी करून पायडल फिरवावें आणि मुलांना मागें बसवावें. बाजूनें जें वर्तुळ, तेंच मागून नुसतें वरखालीं होतांना दिसतें, आणि दोन्ही टोकांशीं रेंगाळतें. पृथ्वीचा आंस कललेला असल्यामुळें तिची प्रदक्षिणा आपल्याला सूर्याच्या अशाच दक्षिणोत्तर येरझाऱ्या म्हणून दिसते. १६१० च्या जानेवारींत गॅलिलिओनें पाहिलेले गुरूचे चंद्रही असेच गुरूच्या दोहों बाजूंस झुलतात. त्यांतील कॅलिस्टो सुमारें १६ दिवस १६॥ तासांत फेरी पुरी करतो. लहानशा दुर्बिणीनें महिनाभर त्याचें अंतर नोंदतां येतें.

जुन्या ज्योतिषांत ही काठी म्हणजे शंकु. बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनीं मध्यान्हीं पडणारी सांवली ती पलभा. यवतमाळची पलभा साडेचार अंगुळांच्या जवळ येते. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही पेशानें शिक्षकच होते.

वही सप्टेंबरपर्यंत आली, कीं २३ तारखेचा आंकडा मुलांना मापाआधींच लिहावयास सांगावा. ढगांनीं वाट दिली, तर तो खरा कीं खोटा हें काठी त्याच दुपारीं सांगेल.